बाळंतविड्यात काय हवं, काय नको: पहिल्या सहा आठवड्यांचं सामान

माझी थोरली जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली. आम्ही तिला भांडुपच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये आणलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि घरात दोरीवर सोळा लंगोट ओले लटकत होते. कपाटात चार बाटल्यांचा संच, विजेवर चालणारं स्टेरिलायझर, बाटली गरम ठेवायची पिशवी आणि उशी-लोडांसकट छोटी गादी असं सगळं खोक्यांत भरलेलं. त्या आठवड्यात मुलीला हवं होतं सुकं कापड, आणि मला हवं होतं पाजायला शिकवणारं कुणीतरी. दोन्ही घरात नव्हतं. धाकट्याच्या वेळी मी यादी नव्याने केली. सातवा महिना लागला की मैत्रिणी, जावा, ऑफिसमधल्या मुली ती मागतात, म्हणून ती इथे कारणांसकट लिहिते आहे.

१. आधी महिना बघा, मग यादी करा

यादी फक्त पहिल्या सहा आठवड्यांची करा. त्यापुढचं बाळ स्वतः ठरवतं: एखाद्याला पाळण्यात झोप लागते, एखाद्याला जमिनीवर. बारशाला झबली-टोपडी इतकी येतात की त्यातली निम्मी बाळ वाढल्यामुळे न वापरताच राहतात.

मुंबईत प्रसूतीचा महिना कोणता, यावर निम्मी यादी ठरते. जून ते सप्टेंबरमध्ये कपडे वाळत नाहीत, डास वाढतात. एप्रिल-मेमध्ये घामोळं आणि उकाडा. लोकरीचे मोजे-स्वेटर इथे क्वचितच लागतात.

बाळ येण्याआधी काही घेऊ नये असं बऱ्याच घरांत मानतात. आमच्या सासूबाईही मानतात, आणि त्यांचं मन मोडायची मला गरज वाटली नाही. जुन्या साड्या धुऊन कापून ठेवायला त्यांची हरकत नव्हती. बाकीची यादी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोलणं झालेलं होतं. बाळ झालं त्या संध्याकाळी सामान घरी आलं.

२. अंगावर पाजायला सामान कमी, मदत जास्त

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावं आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा महिने वरचं पाणीही नको, मे महिन्यातसुद्धा नको. यासाठी विकत घ्यायचं सामान थोडंच: पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, तार नसलेल्या, पाजायच्या दोन ब्रा, खांद्यावर टाकायला मऊ फडकी, आणि हाताखाली घ्यायला घरातलीच एक घट्ट उशी. दूध गळून कपडे भिजतात, त्याला घडी घातलेला सुती रुमाल पुरतो.

मी फसले ती या टप्प्यावर, म्हणून जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या रात्री नर्सिंग होममध्ये मुलगी सारखी रडत होती. ड्यूटीवरच्या बाईंनी सांगितलं, "दूध उतरलेलं नाही, वरचं द्या." नवरा रात्री एक वाजता केमिस्टकडून डबा घेऊन आला. बाटलीने तीस मिली दूध घेऊन मुलगी गाढ झोपली, आणि मला वाटलं माझ्याकडे दूधच नाही. वास्तविक पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर लागतं, आणि तेवढं पिवळसर, घट्ट चीकदूध आईला असतं. भरपूर दूध बहुतेकींना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उतरतं. तोवर वारंवार पाजणं हाच उपाय.

चौथ्या दिवशी माझी चुलत नणंद आली. ती महापालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे. माझी स्तनाग्रं चिरली होती, पाजायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. ती कॉटवर शेजारी बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही बाळाकडे वाकू नका, बाळाला तुमच्याकडे आणा." तिने मुलीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, स्तनाग्र तिच्या वरच्या ओठाला हलकेच लावलं आणि थांबली. मुलीने चाळवाचाळव केली, तोंड अर्धवट उघडलं, नणंद थांबलेलीच. जांभईएवढं मोठं तोंड उघडलं तशी तिने मुलीला मागून आधार देऊन एका दमात जवळ आणलं. हनुवटी रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात गेला. दुखणं थांबलं. थोड्या वेळाने तिच्या घशात गिळल्याचा बारीक आवाज यायला लागला. तो आवाज मला आजही आठवतो.

म्हणून यादीत पहिलं नाव माणसाचं लिहा: पाजायला शिकवू शकेल अशी नर्स, स्तनपान सल्लागार किंवा अनुभवी बाई. सातव्या-आठव्या महिन्यातच रुग्णालयात विचारून ठेवा की हे शिकवणारं कुणी आहे का, आणि सुट्टीनंतर अडलं तर कुणाला गाठायचं. स्टेरिलायझरचे पैसे तिकडे लावा.

दूध पुरतं का, हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी, काळी शी जाऊन पिवळी होणं, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरून येणं, एवढं बघा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याने घाबरू नका. पण वजन करायला सांगितलेली तारीख चुकवू नका. मी कॅलेंडरवर लघवीच्या रेघा ओढायचे. डॉक्टरांनी विचारलं की आकडा तयार असायचा.

३. वाटी-चमचा आणि बोंडलं

बाळ लवकर जन्मलं, अशक्त आहे, ओढत नाही, किंवा आई आजारी आहे, तर आईचं काढलेलं दूध पाजावं लागतं. त्यासाठी बाटलीआधी वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोच असलेलं दूध पाजायचं छोटं भांडं. गुळगुळीत काठाची स्टीलची वाटी लख्ख धुता येते, उकळता येते.

पद्धत: बाळ पूर्ण जागं असावं. दुपट्यात हात गुंडाळून मांडीवर जवळजवळ बसतं धरा. वाटीचा काठ खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल इतकीच वाटी कलती करा. बाळ जीभ काढून स्वतः घेतं. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. आडवं झोपवून तर कधीच नाही. पहिल्यांदा नर्ससमोर करून बघा.

बोंडल्याबद्दल एक इशारा. आईने आमच्या घरातलं चांदीचं बोंडलं आणलं होतं, माझ्या आजीच्या वेळचं. वरून घासून चकचकीत झालेलं. तरीही नणंदेने काडीला ओला कापूस गुंडाळून चोचीतून आरपार फिरवला, तर कापूस पिवळा-करडा होऊन आला आणि आंबूस वास सुटला. चोचीच्या वळणात दूध वाळून बसतं, तिथे बोट पोचत नाही. बोंडलं वापरायचं असेल तर पसरट, उघड्या चोचीचं घ्या, दर वेळी लगेच धुवा आणि उकळा. आमचं बोंडलं मी आठवण म्हणून जपलं आहे, वापरली ती वाटीच.

४. वरचं दूध द्यावंच लागलं तर

हा निर्णय बाळाच्या डॉक्टरांचा. शेजारणीचा नाही, दुकानदाराचा नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलं तर अपराधी वाटून घेऊ नका; बाळाचं पोट भरणं पहिलं.

वेळेआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळासाठी दूधपेढीचा पर्याय विचारा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. दात्या आयांची तपासणी होते, दूध पाश्चराइझ करून ठेवतात, आणि ते आधी अतिदक्षता कक्षातल्या बाळांना जातं.

आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे: बाळाच्या पावडर दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने देता येत नाहीत. डब्यावर बाळाचा फोटो दिसत नाही तो याच कायद्यामुळे. तेव्हा रुग्णालयात कुणी "हे सॅम्पल घेऊन जा" म्हणालं तर नाही म्हणा.

पावडर दूध बनवताना:

- पावडर निर्जंतुक नसते. पाणी खळखळून उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंश सेल्सिअसच्या वर राहतं. पाणी मोजून आधी, पावडर नंतर.
- डब्यातलाच चमचा, सपाट केलेला. किती पाण्याला किती चमचे, हे डब्यावरच वाचा. डबा बदलला की पुन्हा वाचा. पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, घट्ट केलं तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.
- बाटली वाहत्या नळाखाली धरून निववा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा.
- पाजायला सुरुवात केल्यावर तासाभरात उरलेलं फेकून द्या. मुंबईच्या उकाड्यात दूध लवकर खराब होतं. पुन्हा गरम करून पाजू नका.

तबेल्याचं किंवा पिशवीचं दूध पाणी घालून देणं, हे वर्षाच्या आतल्या बाळाला पिण्याचं दूध म्हणून चालत नाही.

बाटली लागलीच तर दोन पुरतात. रुंद तोंडाची, ब्रश तळापर्यंत जाईल अशी, आयएसआय खुणेची घ्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए हे रसायन नको. बूच, म्हणजे चोखायचं निपल, सर्वांत कमी प्रवाहाचं. बाटलीचा ब्रश वेगळा. स्टेरिलायझरऐवजी झाकणाचं मोठं पातेलं पुरतं: साबणाने धुतलेले सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडवायचे, आत हवेचे बुडबुडे ठेवायचे नाहीत, उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं, आणि वापरेपर्यंत झाकण तसंच. नळाला पाणी सकाळी दोन तासच येत असेल तर या कामाला एक झाकणाची कळशी वेगळी भरून ठेवा.

५. दूध काढायचा पंप घाईने घेऊ नका

बाळ नीट ओढत असेल तर पहिल्या आठवड्यांत पंप लागत नाही. स्तन दगडासारखे झाले तर हाताने थोडं दूध काढता येतं: अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे, मग सोडायची. स्तनाग्र ओढायचं नाही. बाळ अतिदक्षता कक्षात असेल तर मात्र पंप लगेच लागतो. काही ठिकाणी भाड्याने मिळतो. स्वतःची नळी आणि बाटल्या नव्या घ्या.

मी पंप घेतला तो कामावर परतायच्या महिनाभर आधी. नोकरी करणाऱ्यांनी तेच करावं. घेताना फनेलचा, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाचा, आकार बघा: स्तनाग्र मध्यभागी मोकळं हलायला हवं, कडेला घासता कामा नये. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण आपली घरं बहुतेक महिने त्याहून गरम असतात, म्हणून थेट फ्रीजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. गरम करायला गॅसवर ठेवू नका, मायक्रोवेव्हही नको. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवा. प्रवासात एसटी स्थानकांवरचा हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, विचारून घ्या.

६. लंगोट, दुपटी, झबली

पावसाळ्यातल्या बाळाला तीन डझन लंगोट लागतात, कोरड्या दिवसांत दोन डझन. आईच्या, सासूच्या वापरून मऊ झालेल्या सुती साड्या यासाठी सर्वांत चांगल्या. नवं कापड हवं तर मंगलदास मार्केटमध्ये मलमल किंवा मऊ वायल मिळते. आधी दोनदा धुऊन खळ काढा.

पेटीतून काढलेल्या जुन्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर ते बाळाला लावू नका. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि आपलं बाळ त्यातलं आहे का हे आधी ठाऊक नसतं. अशा गोळ्या घरातूनच काढून टाका.

पावसात वाळवायला भिंतीपासून हातभर दूर दोरी, खाली पंखा, आणि वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी इस्त्री. बोट लावून ओल जाणवली की तो लंगोट बाजूला. रात्रीसाठी आणि लसीकरणाला नेताना डिस्पोजेबल डायपर ठेवले तरी काही बिघडत नाही. सुरुवातीला लहानच पाकीट घ्या.

सहा-सात झबली, पुढून बांधायची किंवा बंदांची. आठ-दहा दुपटी. दोन टोपडी. गुंडाळताना पाय बेडकासारखे वाकायला जागा राहू द्या, ताठ बांधू नका.

७. झोपायची जागा

घट्ट, सपाट गादी, वर ताणलेली चादर, बाळ पाठीवर. उशी नको, लोड नको, मऊ खेळणी नकोत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. मी घेतलेली उशी-लोडांची गादी म्हणूनच वापरली नाही.

पाळणा टांगणार असाल तर आधी हूक तपासा. जुन्या चाळीत स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं असतं. गवंड्याला दाखवल्याशिवाय वजन टाकू नका. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, त्यामुळे झोळी रात्रभरासाठी नाही.

छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घ्याच, हिवताप आणि डेंग्यूच्या शहरात ती बाळंतविड्यातली पहिली वस्तू समजा. डास उदबत्ती, कॉइल आणि धुरी बाळाच्या खोलीत नको.

८. आंघोळ, मालिश आणि नाळ

टब लागत नाही. आंघोळ घालणारी बाई येणार असेल तर ती पायांवर घालते. तुम्हीच घालणार असाल तर रुंद घमेलं आणि मग. पाणी कोपराने बघा. साधा, बिनवासाचा साबण, तोही रोज नको. पावडर नको, ती श्वासातून आत जाते.

मालिशवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी नम्रपणे चार गोष्टी सांगा: कान-नाकात तेल घालू नका, बाळाची छाती पिळू नका, नाक-डोकं दाबून घडवू नका, बेंबीला काही लावू नका. आमच्या मावशी आधी रागावल्या. "इतकी पोरं न्हाऊ घातली मी," म्हणाल्या. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं, मग ऐकलं. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा, लंगोट तिच्या खाली बांधा; ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत आपोआप पडते. भोवती लाल झालं किंवा पू दिसला तर लगेच डॉक्टर.

काजळ, मध आणि बाळगुटी या तिन्हींना मी घरात प्रेमाने नकार दिला. वर्षाच्या आत मध चाटवल्याने बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, काजळात शिसं असू शकतं. तीट लावायचीच तर तळपायाला.

९. औषधांच्या डब्यात

डिजिटल थर्मामीटर, पाऱ्याचा नको. बाळाच्या मापाचा नखं कापायचा कटर. कापूस. डॉक्टरांनी लिहिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब. रोजचा डोस साधारण ४०० युनिट असतो, पण वेगवेगळ्या बाटल्यांमध्ये तेवढे युनिट वेगवेगळ्या मापात बसतात. नवी बाटली आणली की ड्रॉपरवरची रेघ डॉक्टरांना दाखवा. ग्राइप वॉटर लागत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी औषध देत बसू नका, रुग्णालय गाठा. पाजायला उठत नाही, अंग गार पडलं, मिनिटाला साठाहून जास्त श्वास, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसलं तरी तसंच. वाहन मिळत नसेल तर १०८.

१०. बॅग आणि कागद

आठवा महिना संपता संपता बॅग दाराशी ठेवा. बाळासाठी तीन झबली, चार दुपटी, डझनभर लंगोट, एक टोपडं. आईसाठी गाऊन, पॅड, वाटी-चमचा. कागद एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये:

- प्रसूतीची फाइल, सोनोग्राफी आणि रक्तगटाचे रिपोर्ट
- माता-बाल संरक्षण कार्ड
- दोघांची आधार कार्डं आणि त्यांच्या झेरॉक्स
- मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या जन्माच्या लशी, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन आणि जन्माचं वजन लिहिलेलं आहे ना, ते बघा. पुढची लस सहा आठवड्यांनी असते.

जन्मनोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालय माहिती पाठवतं, पण त्यासाठीचा फॉर्म तुम्ही भरता. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना मोकळा चालतो. वर्षाच्या आत नाव फीशिवाय घालता येतं. आई-वडिलांची नावं मात्र आधार कार्डाशी अक्षर न अक्षर जुळवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं. आम्ही घाईत सही केली आणि माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं. ते दुरुस्त करायला तीन महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन तीनदा खेपा घातल्या. धाकट्याच्या वेळी नवऱ्याने फॉर्मवर सही करण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून मला कॉटवर आणून दाखवला, मी आधार कार्ड शेजारी धरून वाचलं, आणि मगच पेन हातात घेतलं.